‘धर्मशाळा’ सापडली, ‘धर्मशाळेत’ हुकलं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी परळला एका छोट्या संस्थेत काम करते. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी गावाहून येणाऱ्या कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांसाठी आमची धर्मशाळा आहे. गेल्या वर्षी ‘मीडियाचं तू बघ’ म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे एक काका आहेत. २१ वर्षं ते रोज ७ पेपर चाळतात, कात्रणं कापतात आणि वहीत चिकटवतात. विश्वस्तांना आता मीडिया मॉनिटरिंगचं, म्हणजे आपल्याबद्दल कुठे काय छापून आलं ते शोधून देणारं, सॉफ्टवेअर घ्यायचंय, महिनाभराची ट्रायल चालू आहे. रोज दीडशेच्या वर ॲलर्ट येतात, त्यात निम्मं राशिभविष्य आणि टाटांच्या गाड्या. आणि मागच्या रविवारी एका मराठी पेपरात आमच्याबद्दल तक्रारीची बातमी आली, ती नेमकी सॉफ्टवेअरला मिळाली नाही. रविवारी काकांची सुट्टी. अध्यक्षांना एका देणगीदाराच्या फोनवरून कळलं आणि मला खूप बोलणी बसली. शिवाय त्यांना रोजच्या रिपोर्टात ‘या बातमीची किंमत किती रुपये’ असा रकाना हवाय. कात्रणांचे फोटो मी २५० जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, तर एक पत्रकार मैत्रीण म्हणाली की हे कायद्यात बसत नाही. सॉफ्टवेअर घेतलं की पेपर बंद आणि काकांना स्टोअररूममध्ये पाठवायचं, असंही चाललंय. मी काय करू?
– एक कार्यकर्ती, परळ

उत्तर: पत्रात तू ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करते. बातमीचा फोटो आणि सॉफ्टवेअरला दिलेल्या कीवर्डची, म्हणजे शोधायच्या शब्दांची, यादी जोडलीस, ते फार बरं केलंस. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि उलगडा झाला.

यादीत चारच कीवर्ड आहेत: संस्थेचं पूर्ण नाव, ‘परळ धर्मशाळा’, ‘कॅन्सर’ आणि ‘टाटा’ (शेवटचे दोन इंग्रजीतही). आता बातमी बघ. बातमीदाराने तुमच्या संस्थेचं नाव दिलेलंच नाही. ‘परेलमधील नामांकित रूग्णालयाजवळच्या एका धर्मशाळेत कर्करुग्णाच्या कुटुंबाला खोली नाकारल्याने’ अशी सुरुवात आहे. तू लिहिलंस परळ, त्याने लिहिलं परेल. तू धर्मशाळा, तो धर्मशाळेत. तू कॅन्सर, तो कर्करुग्ण. टाटाचं नाव त्याने टाळलं, तिथे ‘नामांकित’ आलं. चारही कीवर्ड त्या बातमीच्या अंगावरून गेले आणि एकही तिला लागला नाही. सॉफ्टवेअरने त्या दिवशी सांगितलं तेवढं काम चोख केलं. सांगण्यातच कमी पडलं, आणि ते तुला कुणी शिकवलेलंही नव्हतं.

इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही टाकला तरी बहुतेक जसाच्या तसा राहतो. आपला शब्द प्रत्यय लागायच्या आधीच रूप बदलतो. धर्मशाळा, धर्मशाळेत, धर्मशाळेच्या, धर्मशाळांना. संस्था, संस्थेने, संस्थेचे. शाळेत आपण सामान्यरूप म्हणून जे घोकलं, ते इथे रोज उभं राहतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचार: देवनागरी शब्दाच्या शेवटी तारांकन (*) चालतं का, म्हणजे पुढे काहीही आलं तरी तो शब्द सापडतो का? चालत असेल तर ‘धर्मशाळ’ एवढंच लिहून पुढे तारा टाक, सगळी रूपं येतील. ‘चालतं की’ असं तो पटकन म्हणेल. त्याच्यासमोर, त्याच्याच लॅपटॉपवर शोधून बघ. नाही चाललं तर सगळी रूपं हाताने भरायची. एक दुपार जाईल, पण ते एकदाच करायचंय.

मग जागांची नावं. मुंबईत एकेका जागेला दोन-दोन नावं आणि पेपरागणिक रीत वेगळी. परळ-परेल, शीव-सायन, वांद्रे-बांद्रा. तुमच्या नावाआधी ‘परळस्थित’ लागेल, ‘परळची’ लागेल, किंवा नुसतं ‘मध्य मुंबईतील’. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नकोस. रुग्णालय हे बरोबर, पण रूग्णालय असं चुकीचं रोज छापून येतं, या बातमीतही आहे. चुकीचं रूपही कीवर्डांत हवंच. मेमोरियल आणि मेमोरिअल, दोन्ही हवीत.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, तीही सांगते. ‘ॲम्ब्युलन्स’मधलं पहिलं अक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे सलग एकच अक्षर, ॲ. दुसरं म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र देणं, अॅ. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला ती वेगळी. ‘अधिकाऱ्यांनी’मधल्या ऱ्य चंही तेच. तुझ्या कीबोर्डवरून एक येणार, पेपरच्या डेस्कवरून दुसरं. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही एकच धरतं. तुमचं धरतं का, तेही ट्रायलमध्येच बघून घे.

आता राशिभविष्याचं. पंचांगातली कर्क रास इंग्रजीत ‘कॅन्सर’ असते, त्यामुळे इंग्रजी कीवर्डला रोजचं भविष्य चिकटतं. उद्या ‘कर्क’ला तारा लावशील तर मराठी भविष्यही दाराशी येईल. तेव्हा ‘कर्करो’ आणि ‘कर्करु’ असे दोन तुकडे दे. कर्करोग, कर्करोगावर, कर्करुग्णांना हे सगळं त्यात येतं आणि रास बाहेर राहते. इंग्रजीत ‘हॉरोस्कोप’ आणि ‘झोडियाक’ हे शब्द वगळायच्या यादीत टाक. नुसतं ‘टाटा’ तर आजच काढ. त्याने स्टील येतं, मोटारी येतात, शेअर बाजार येतो. ‘टाटा रुग्णालय’, ‘टाटा हॉस्पिटल’, ‘टाटा मेमोरियल’ अशा जोड्या अवतरणचिन्हांत दे.

हिंदीचा गोंधळही तुझ्या ॲलर्टमध्ये दिसतो, लिपी एकच ना. इथे आपला ळ कामाला येतो. ‘धर्मशाळा’ मराठी. ‘धर्मशाला’ दिलंस की हिमाचलातलं गाव आणि तिथले क्रिकेटचे सामने सुरू होतात. ‘कॅन्सर’ मराठीत, ‘कैंसर’ हिंदीत. पण हिंदी सरसकट बंद करू नकोस. तुमच्याकडे उतरणारी किती कुटुंबं उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून येतात, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. त्यांच्याकडचे पेपर मुंबईतल्या उपचारांबद्दल काय छापतात, हे कळायला हवं. हिंदीचा वेगळा ॲलर्ट ठेव, आठवड्यातून एकदा येणारा. आणि देणगीदारांत गुजराती मंडळी असतील तर गुजराती लिपीतले कीवर्ड त्यांच्यातल्याच कुणाकडून लिहून घे. मुंबई समाचार १८२२ पासून या शहरात निघतोय आणि आजही घराघरांत वाचला जातो. त्यातली बातमी ‘कॅन्सर’ देवनागरीत शोधून कशी मिळेल?

सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, हे मात्र माझ्या किंवा विक्रेत्याच्या सांगण्यावरून ठरवू नका. तुमच्याकडे त्याचं माप तयार आहे. काकांची वही.

मागच्या ३ महिन्यांची पानं उघड. त्या वहीत काय छापून आलं ते तारखेनिशी आहे. विक्रेत्याला म्हण, याच ३ महिन्यांचा शोध लावून दाखवा. मग एकेका कात्रणापुढे पेन्सिलने खूण कर: सापडलं, नाही सापडलं. जे नाही सापडलं ते का, हेही लिही. माझा अंदाज सांगते, तीन ढीग होतील. काही कीवर्डमुळे हुकलेली, ती सुधारता येतील. काही ई-पेपरात चित्र म्हणून असलेली. तिथे यंत्राला पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखावी लागतात आणि बारीक टायपातली देवनागरी जोडाक्षरं अजूनही त्याला गुंगारा देतात. आणि काही अशी, जी फक्त छापील पुरवणीत किंवा उपनगरांच्या पानावर आली आणि त्या पेपरच्या वेबसाइटवर चढलीच नाहीत. तिसरा ढीग मोठा निघाला तर सॉफ्टवेअर कितीही महागाचं घ्या, पेपर चाळावेच लागतील. उलट, वहीत नाहीत अशा पाच-दहा कामाच्या बातम्या सॉफ्टवेअरने आणून दिल्या तर तेही प्रामाणिकपणे लिही. काका ७ पेपर बघतात. जळगावच्या आवृत्तीत काय आलं, हे त्यांना परळात बसून कळणार नाही.

पैसे भरण्याआधी फुकटचं साधन पुरेपूर वापरून बघ. गूगल ॲलर्ट्स २००३ पासून आहे. वरचे कीवर्ड त्यातही देता येतात, फक्त तारा लावलेले तुकडे तिथे चालत नाहीत, पूर्ण रूपं लिहावी लागतात: अवतरणचिन्हांत नेमका शब्दसमूह, नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह, भाषा निवडायची, दिवसातून एकदा किंवा आठवड्यातून एकदा मेल. त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढ, नाहीतर संस्थेच्या मेलमध्ये सगळं बुडेल. ई-पेपरच्या चित्रांत ते शिरत नाही, व्हॉट्सॲपवर फिरणारं त्याला दिसत नाही आणि टीव्हीवर काय दाखवलं हे ते सांगत नाही. ते सगळं तुम्हाला खरंच लागतं का, हे त्या पेन्सिलच्या खुणा सांगतील.

माझी एक चूक सांगते, कारण ती मी अजून विसरलेले नाही. मी नोकरीला लागले तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात जनसंपर्क विभागात कात्रणांचंच काम होतं. सकाळी सहाला पोचायचं. टेबलावर पेपरांचा गठ्ठा, शाईचा वास, स्टीलची फूटपट्टी. बातमीच्या कडेला फूटपट्टी दाबून धरायची आणि कागद वर ओढायचा, म्हणजे कात्रीपेक्षा सरळ फाटतो. मग छापील मथळ्याच्या कागदावर चिकटवायचं, पेपरचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक लिहायचा, तारखेचा शिक्का मारायचा. नऊच्या ठोक्याला साहेबांच्या टेबलावर. एकदा पहिल्या पानावर आमच्याविरुद्ध बातमी होती. घाईत मी तेवढीच कापली. खाली बारीक अक्षरांत ‘पान ७ वर’ होतं, ते माझ्या फूटपट्टीखाली गेलं. सातव्या पानावर आमचा खुलासा होता, चांगला चार परिच्छेद. साहेबांनी संपादकांना फोन लावला आणि ‘आमची बाजू छापली नाहीत’ म्हणून सुनावलं. पलीकडून उत्तर आलं, पान उलटलंत का?

सॉफ्टवेअर हीच चूक रोज करतं. ते हेडिंग आणि पहिल्या दोन ओळी पाठवतं. तू तीच पुढे ढकललीस तर अध्यक्ष त्यावरच चिडणार किंवा खूश होणार. म्हणून तुझ्या हातून पुढे जाणारी प्रत्येक बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली असू दे. रोजच्या दीडशे वाचणं शक्य नाही. कीवर्ड नीट केल्यावर ८-१० उरतील, तेवढ्या वाचून होतात.

आता रुपयांचा रकाना. हा प्रकार जुना आहे. बातमीने किती चौरस सेंटिमीटर जागा घेतली ते मोजायचं, त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि म्हणायचं, एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली. कुणी कुणी त्याला वर तिनाने गुणतात, कारण म्हणे लोक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतात. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मोजमापाची तत्त्वं ठरली, आणि जाहिरातीच्या दराने काढलेला आकडा म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. अध्यक्षांना तत्त्वं सांगायची गरज नाही. त्यांच्यापुढे ती रविवारची बातमीच ठेव. जागा मोज, दराने गुण आणि विचार: ‘तुमच्या हिशोबाने या बातमीने संस्थेला इतके हजार मिळवून दिले, ते कुठे जमा करू?’ हे चिडवायला सांगत नाहीये, शांतपणे विचार. त्यांच्या लक्षात येईल.

त्या रकान्याच्या जागी तुमच्या कामाचं काही मोज. बातमीत धर्मशाळेचा फोन नंबर आला का, आणि आला तर बरोबर आला का? पत्ता बरोबर होता का? बातमीनंतरच्या आठवड्यात किती फोन आले? काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ असा एक प्रश्न वाढव. कुणी बीडहून येतो आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं कात्रण काढून दाखवतो, त्याची नोंद दुसऱ्या कुठल्याही रिपोर्टात सापडणार नाही. ती तू ठेव.

मैत्रीण म्हणाली त्यात तथ्य आहे. घडलेली घटना कुणाच्या मालकीची नसते. बातमीदाराने ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द आणि पानाची मांडणी मात्र पेपरची असते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी वाजवी वापराला मोकळीक आहे. संस्थेच्या फाइलला एक कात्रण लावणं वेगळं आणि २५० जणांना रोज पूर्ण पानाचा फोटो किंवा ई-पेपरची पीडीएफ पाठवणं वेगळं. हे प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलेलं आहे. टेलिग्राम चॅनेलवर दैनिक जागरणचा ई-पेपर फिरत होता, तेव्हा २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते चॅनेल बंद करायला लावले. अमेरिकेत तर खुद्द मॉनिटरिंगवालेच अडकले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मेल्टवॉटर या मॉनिटरिंग कंपनीवर दावा केला आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटलं की बातम्यांचे उतारे उचलून गिऱ्हाइकांना पुरवणं वाजवी वापरात बसत नाही. तेव्हा विक्रेत्याला दुसरा प्रश्न हा: तुमच्याकडून आलेलं पान आम्ही पुढे कुणाकुणाला पाठवू शकतो, ते करारात कुठे लिहिलंय?

ग्रुपवर तू असं पाठव: पेपरचं नाव, तारीख, पान, तुझ्या शब्दांत दोन ओळी आणि मूळ बातमीची लिंक. ज्याला पूर्ण वाचायचंय तो तिथे जाईल, त्या पेपरलाही वाचक मिळेल. वार्षिक अहवालात किंवा वेबसाइटवर कात्रण लावायचं असेल तर पेपरला ईमेल करून परवानगी माग. तुमच्यासारख्या संस्थेला बहुतेक नाही म्हणत नाहीत, आणि ती लेखी असली की पुढे कटकट नाही.

एका बाबतीत मी जास्त कडक बोलणार आहे. ग्रुपवरच्या कात्रणांचा नमुनाही तू पाठवलास, त्यात एक कात्रण आहे, केमोने केस गेलेल्या मुलीचा फोटो, खाली नाव आणि गाव. पेपरने छापला असेल, तिच्या आईने हो म्हटलं असेल. पण ते एका दिवसाच्या पेपरपुरतं. तुमच्या ग्रुपवरून तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहील, ती बरी होऊन कॉलेजात जाईल तेव्हासुद्धा. पेशंटचं नाव किंवा चेहरा असलेलं काहीही ग्रुपवर जाऊ देऊ नकोस. आधी टाकलेलं डिलीट कर. सगळ्यांच्या फोनमधून जाणार नाही, तरी कर.

काकांबद्दल. त्यांना स्टोअररूममध्ये पाठवू नका, हे मी दयेपोटी म्हणत नाही. २१ वर्षांत कुठला पेपर परेल लिहितो आणि कुठला परळ, कोण तुमचं नाव नेहमी चुकवतं, कुठल्या पुरवणीत आरोग्याचं पान कुठल्या वारी येतं, हे त्या माणसाला पाठ आहे. कीवर्डची यादी त्यांच्याशेजारी बसून कर. ते बोलतील, तू टाइप कर. ७ पेपरांतले दोन कमी झाले तर चालतील, कुठले ते त्यांनाच ठरवू दे. आणि रविवारची पाळी आलटून-पालटून लाव, एक रविवार ते, एक तू, घरूनच. पुरवण्या रविवारीच जाड असतात.

अध्यक्षांना रोज एकच पान दे. वर, आज तुम्हाला काही करायचं असेल तर ते. त्याखाली वाचून ठेवण्यासारखं. बास. काही नसेल त्या दिवशी ‘आज काही नाही’ एवढी ओळ पाठव, म्हणजे तू बघितलंस हे त्यांना कळतं.

एक गोष्ट राहिली. बातमी हुकली, अध्यक्ष बोलले, हे सगळं तू लिहिलंस. त्या कुटुंबाला खोली का नाकारली, हे तुझ्या पत्रात नाही, आणि ते आता कुठे आहेत हेही नाही. बातमीत तारीख आहे. उद्या सकाळी त्या दिवसाचं रजिस्टर उघड, काउंटरवर कोण होतं ते विचार, खोल्या खरंच भरल्या होत्या का ते बघ. मग बातमीदाराला फोन कर. भांडायला नको, त्या कुटुंबाचा नंबर मागायला. तो थेट देणार नाही कदाचित, तर तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवायला सांग. खोली रिकामी असेल तर तेही सांग.